तीन किलोवॅटच्या आधी गच्चीवर बादलीभर चुना

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलल्यासारखाच ठेवलाय, त्यामुळे वाक्यं इकडे-तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. इंदापूर तालुक्यातल्या एका श्रोत्याची आहे, वय असेल तेवीस-चोवीस. तो म्हणतो, "दादा, घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं चाललंय. एजंट म्हणतो सबसिडी सगळ्यात जास्त तीनलाच आहे, बिल शून्य येणार. वडील म्हणतात कर्ज नको. आई म्हणते बिलाचं जाऊ द्या, आधी रात्री घरात झोपता येईल असं काहीतरी करा. तर काय करू?"

मला आईचा मुद्दा सगळ्यात आवडला. आणि आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय, की घरावर पैसे खर्च करायची एक ओळ असते. आधी ऊन अडवायचं, मग वीज कमी खाणारी उपकरणं आणायची, आणि मग राहिलेल्या गरजेपुरतं सोलर. आपल्याकडे होतं उलटं. आधी कर्ज काढून पॅनल, आणि त्या पॅनलच्या विजेवर तेच जुने पंखे, त्याच तापलेल्या स्लॅबखाली.

आता हे तापलेल्या स्लॅबचं प्रकरण नीट समजून घेऊ, कारण बारामती-इंदापुरात सगळा खेळ तिथंच आहे.

आपला भाग पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास. नीरेचा कालवा आहे, उजनीचं बॅकवॉटर आहे, म्हणून ऊस दिसतो आणि बाहेरच्याला वाटतं, काय हिरवागार भाग! पण आकाश कोरडं ते कोरडंच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी पार करतो. सूर्य डोक्यावर येतो, म्हणजे अक्षरशः डोक्यावर. आपण १८ अंश अक्षांशावर आहोत, मे महिन्यात दुपारी तो जवळजवळ सरळ वरून तापतो. त्यामुळे घरात येणारी उष्णता भिंतीपेक्षा छतातून जास्त येते. भिंतींमध्ये मुख्य गुन्हेगार पश्चिमेची.

सिमेंटचा स्लॅब चार-पाच इंच जाडीचा असतो. दुपारी त्यानं प्यायलेलं ऊन लगेच खाली येत नाही. ते हळूहळू झिरपतं, आणि खालच्या बाजूला पोचतं तेव्हा संध्याकाळ झालेली असते. म्हणून दुपारी दोनला घर बरं वाटतं आणि रात्री दहाला भट्टी. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणातली बाज थंडगार, आणि आत पंखा गरम हवा ढवळतोय. पंखा हवा थंड करत नाही मंडळी, तो फक्त फिरवतो. छतच तापलेलं असेल तर तो छताची उष्णता खाली ढकलतो.

आपल्या आजोबा-पणजोबांची धाब्याची घरं आठवा. काही गावांत अजून एखादं उभं असेल. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, किलच्या, पाला, आणि त्यावर वीतभर पांढरीची माती. त्या घरात उजेड कमी, पावसाळ्यात गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची, उंदीर-घुशी वेगळ्याच. मी काही 'जुनं ते सोनं' म्हणणारा माणूस नाही. स्लॅब आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला तो उगाच नाही. पण त्या वीतभर मातीनं उन्हाला वर अडवून धरलं होतं, आणि स्लॅब टाकताना ते काम कुणाला दिलंच गेलं नाही. गिलावा, वायरिंग, टाइल्स सगळ्याचा हिशोब झाला, उन्हाचा झाला नाही.

आता गंमत बघा. उन्हापासून वाचवायची विद्या आपल्या तालुक्यात प्रत्येक डाळिंबवाल्याला येते. उन्हाळ्यात फळावर चट्टा पडू नये म्हणून तो काय करतो? झाडावर पांढरं कापड टाकतो, नाहीतर केओलिनची फवारणी घेतो. केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती. फळ पांढरं दिसतं, ऊन परत फेकलं जातं, फळाचं तापमान खाली राहतं. ढोबळी मिरचीवर शेडनेट टाकतो. मग मिरचीला सावली, डाळिंबाला पांढरा कोट, आणि घरातली माणसं ज्या स्लॅबखाली झोपतात तो मात्र काळा-करडा, शेवाळ वाळून काळवंडलेला. हा विनोद नाही, आपल्या खर्चाचा क्रम आहे.

तर पहिलं काम, गच्ची पांढरी करा.

जुना काळवंडलेला स्लॅब ऊन बहुतेक सगळं पिऊन टाकतो. नवा चुना लावलेली गच्ची त्यातलं बरंचसं ऊन आल्या पावली परत पाठवते. खात्री करायची असेल तर सोपा प्रयोग करा. गच्चीच्या कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट चुना मारा आणि दुपारी दोन वाजता एक तळहात चुन्यावर, एक शेजारच्या स्लॅबवर ठेवा. साध्या स्लॅबवरचा हात तुम्ही लगेच उचलाल. खोलीतल्या तापमानात यानं दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. छत किती जाड, खिडक्या कशा, त्यावर ते कमी-जास्त होणार. पण चाळीसच्या जागी सदतीस असणं म्हणजे काय, हे पत्र्याच्या घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्याला विचारा.

आणि ही काही माझी गावठी कल्पना नाही. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे तिथं गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम सुरू झालं. तेलंगणा सरकारनं तर २०२३ मध्ये थंड छतांसाठी वेगळं धोरणच आणलं, पाच वर्षांचं. आपल्याला धोरणाची वाट बघायची गरज नाही, चुना बाजारात मिळतो.

कृती सांगतो. कळीचा चुना आणून रात्रभर पाण्यात विरवायचा. विरताना तो उकळतो, तेव्हा लहान मुलं लांब, आणि प्लॅस्टिकची पातळ बादली नको, लोखंडी पिंप किंवा घमेलं घ्या. सकाळी कापडातून गाळायचा, त्यात थोडा फेव्हिकॉल किंवा डिंकाचं पाणी टाकायचं, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही आणि पहिल्या वळवात वाहून जात नाही. गच्ची आधी खराट्यानं घासून, धुऊन, ओलसर असताना सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर हात मारायचे. दोन हात कमीत कमी, तीन उत्तम. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे. हे मी गमतीनं सांगत नाही. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

बजेट असेल तर बाजारात उष्णतारोधक पांढरे रंगही आहेत, वॉटरप्रूफिंगसकट. ते चुन्याच्या कितीतरी महाग, पण काही वर्षं टिकतात. गच्ची नवीनच करणार असाल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक हा जुना आणि भरवशाचा उपाय. पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतींवर बघा, अजून चमकतंय.

आपल्या भागातली एक खास अडचण आहे, काजळी. साखर कारखान्याच्या जवळपास राहणाऱ्यांना सांगायला नको. हंगामात दोरीवर पांढरा शर्ट वाळत घालून बघा. तीच काजळी गच्चीवर बसते, आणि पांढरी गच्ची करडी झाली की तिचं अर्धं काम गेलं. म्हणून चुना दिवाळीला मारू नका. कारखान्याचं गाळप आटोपत आलं की, म्हणजे होळी ते पाडव्याच्या दरम्यान मारा. ऊन चढायच्या आत गच्ची ताजी पांढरी. पाडव्याला घराची साफसफाई होतेच, त्यात गच्ची धरा.

पत्र्याचं घर असेल तर? पत्रा स्लॅबसारखा उशिरा तापत नाही, लगेच तापतो आणि लगेच निवतो. दुपार भयंकर, रात्र त्यामानानं बरी. तिथं वरून पांढरा रंग आणि खाली हवेची पोकळी, दोन्ही हवं. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याची किंवा सिमेंट शीटची पाटण करा, आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. थर्माकोल लावू नका. स्वस्त आहे, थंडावाही देतो, पण आग लागली तर पेटता वितळून अंगावर पडतो. ऊसतोड मजुरांची पाचटाची कोपी भर दुपारी गार असते हे खरं, आणि एका ठिणगीत जाते हेही खरं.

पश्चिमेच्या भिंतीवर मांडव घालून दोडक्याचा, कारल्याचा वेल चढवा. भाजी मिळेल, सावली फुकट. गच्चीवरची काळी टाकी पांढरी रंगवा किंवा तिच्यावर शेडनेटचा जुना तुकडा बांधा. मे महिन्यात संध्याकाळी नळाला उकळतं पाणी येतं ते बंद होईल. आणि कूलर वापरत असाल तर तो खिडकीत, बाहेरची हवा आत घेईल असा लावा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर म्हणजे नुसता दमट चिकचिकाट. आपल्या कोरड्या हवेत कूलर फार छान चालतो, दीड टनाच्या एसीला लागणाऱ्या विजेच्या साधारण आठव्या-दहाव्या हिश्शात. पण तो पाणी पितो, हे टँकरवर असलेल्या गावानं विसरून चालणार नाही. तिथं जुना उपाय बरा, दाराला वाळ्याचा पडदा किंवा गोणपाट, आणि त्यावर भांडी विसळलेल्या पाण्याचा शिपका.

आता विजेकडे येऊ.

युनिट म्हणजे काय ते एकदा डोक्यात बसवा: हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. बास, एवढ्यावर सगळा हिशोब होतो. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर काढा.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. उन्हाळ्यात रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. असे चार पंखे म्हणजे १०८ युनिट. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, तेवढीच हवा देतो. चार पंख्यांचे महिन्याला ४३ युनिट. वाचले ६५.

गोठ्यात किंवा अंगणात रात्रभर जळणारा शंभरचा पिवळा बल्ब? बारा तास, तीस दिवस, ३६ युनिट. त्या जागी १५ वॅटचा एलईडी लावला तर साडेपाचच्या आसपास. वाचले तीस. बिबट्याच्या भीतीनं दिवा रात्रभर लागतो, हे मी समजू शकतो. दिवा बंद करा म्हणत नाही, बदला म्हणतोय. गिझर असेल तर तो दोन हजार वॅटचा. रोज तासभर म्हणजे महिन्याला साठ युनिट. त्यावर सोलर वॉटर हीटर उत्तम, फक्त बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काचेच्या नळ्यांत थर साचतो, ते घेताना विचारून घ्या. किंवा बंब आहेच, त्यात बागेतल्या काटक्या.

या वाचलेल्या ९५ युनिटची खरी किंमत कळायला बिलाची मागची बाजू बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत असतात: शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी वर. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर जवळपास दुपटीवर जातो. तुम्ही वाचवता ते युनिट तळातलं नसतं, वरच्या महाग टप्प्यातलं असतं. म्हणजे महिन्याला २१० युनिट वापरणारं घर ११५ वर आलं, तर बिल निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. खर्च? चार पंखे साधारण दहा-बारा हजार, बल्ब शे-दोनशे. कर्ज नाही, सबसिडी नाही, कागद नाही.

आणि याचा दुसरा फायदा, जो वस्तीवर राहणाऱ्यांना जास्त कळेल. गावठाणात वीज बरी असते, पण मळ्यातली वस्ती शेतीच्या फिडरवर असेल तर तिथलं वेळापत्रक वेगळंच. इन्व्हर्टर-बॅटरी घरोघरी आहे. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी धरा. तिच्यातून वापरता येईल अशी वीज साधारण सव्वा युनिट. चार जुने पंखे आणि चार एलईडी मिळून ३३६ वॅट, तर बॅटरी पावणेचार तास. तेच चार बीएलडीसी पंखे असले तर सगळं मिळून १५६ वॅट, आठ तास. बॅटरी तीच! रात्री अकराला गेलेली वीज सकाळी सातला आली तरी लेकरं झोपलेली. मला विचाराल तर पंखे बदलायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, बिल नंतर.

आता सोलर. इथं बऱ्याच जणांचा एक गैरसमज आहे, तो आधी काढतो. सबसिडीतलं जे नेहमीचं ऑन-ग्रिड सोलर आहे, ते लाइट गेली की बंद पडतं. भर दुपारी, कडक ऊन असताना, गच्चीवर तीन किलोवॅट असूनही घरात पंखा फिरत नाही. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीसकट हायब्रिड सिस्टिम लागते, तिचा खर्च वेगळा. हे कोटेशन देणारा बहुतेक वेळा स्वतःहून सांगत नाही. तुम्ही विचारा.

योजनेचं नाव पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान असं: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार. म्हणजे एकाला ३०, दोनला ६०, तीनला किंवा त्याहून मोठ्याला ७८ हजार, त्यापुढे वाढत नाही. एजंट खरंच बोलला, सबसिडी तीनलाच 'सगळ्यात जास्त'. पण तिसऱ्या किलोवॅटला सरकार कमी देतं आणि तुमच्या खिशातून जास्त जातं, हे त्यानं नाही सांगितलं. सगळ्यात चांगला सौदा पहिल्या दोनचा आहे.

आणि गरज किती? एक किलोवॅट आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला १२०. तीन किलोवॅट म्हणजे ३६०. आपल्या श्रोत्याच्या घरात मी मगाशी मोजला तसा वापर असेल, तर पंखे-दिवे बदलल्यावर त्याला ११५ युनिट लागणार. एका किलोवॅटमध्ये काम भागतं! पुढे इलेक्ट्रिक स्कूटर किंवा इंडक्शन शेगडी घ्यायचा विचार असेल तर दोन घे. तीनचं कर्ज कशाला? जास्तीची वीज ग्रिडला जाते, बिलात जमा धरली जाते, पण वर्षाअखेरीला उरलेल्या युनिटचे जे पैसे मिळतात तो दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून श्रीमंत व्हायची ही योजना नाही. आणि 'बिल शून्य' म्हणजे अगदी शून्य नसतं, स्थिर आकार राहतोच.

म्हणजे सोलर नको असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. आपल्यासारखं स्वच्छ ऊन कोकणातल्या माणसाला पावसाळ्याचे चार महिने दिसत नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, डोंगरातली छोटी वाडी. तिथं होतं, तर आपल्या माळावर का नाही? फक्त मापानं घ्या.

मापाइतकीच जागा महत्त्वाची. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. पॅनलचं तोंड दक्षिणेला, हे सगळे सांगतात. मी एक वाढवतो: ज्या खोलीत घरातली माणसं झोपतात, शक्यतो त्या खोलीच्या डोक्यावर बसवा, आणि स्ट्रक्चर स्लॅबपासून चांगलं उंच घ्या. पॅनल स्वतःच सावली आहे. खालून वारा खेळता राहिला तर स्लॅबही गार आणि पॅनलही. पॅनल तापलं की वीज कमी देतं. पायऱ्यांच्या डोक्यावर पॅनल आणि झोपायची खोली उघड्या उन्हात, असं फार ठिकाणी बघतो आणि जीव हळहळतो. काजळीच्या हंगामात आठवड्याला एकदा पॅनल धुवा, सकाळी लवकर, काच गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

आणि कृपा करून पॅनलवर सावली येते म्हणून दारातला कडुनिंब तोडू नका. ही सूचना मी तीनदा ऐकली आहे आणि तिन्ही वेळा मला राग आलाय. पश्चिमेचा कडुनिंब भिंतीला जी सावली देतो ती विकत घ्यायला गेलात तर एसी लागेल. पॅनल गोठ्याच्या शेडवर टाका, दोन फांद्या छाटा, संध्याकाळचे एक-दोन तास सोडून द्या. झाड राहू द्या.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त गाडी कुठं अडते माहितेय? मीटर आजोबांच्या नावावर असतं. आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली, बिल अजून त्यांच्याच नावानं येतंय, कुणी बदललेलं नाही. अर्ज आणि कर्ज ज्याच्या नावावर करायचं, वीज जोडणी त्याच्या नावावर लागते. तर आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. काका-चुलत्यांची संमती लागणार असेल तर ते बोलणं आत्ताच करा, पॅनल दारात आल्यावर नको. अनुदान सिस्टिम चालू झाल्यावर थेट खात्यात येतं, म्हणजे आधी पूर्ण रकमेची सोय हवी. विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघा, आणि भारतात बनवलेलीच पॅनल घ्या, अनुदानाला ती अट आहे. अर्ज स्वतःच्या मोबाईलवरून भरा, नंबर तुमचा, ओटीपी तुमच्याकडे.

स्वयंपाकघराचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. आपल्याकडे घरटी दोन-चार संकरित गाई आहेत. एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज २५ किलो शेण लागतं. दोन घनमीटरचं संयंत्र तीन-चार गाईंवर आरामात चालतं आणि छोट्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. स्लरी डाळिंबाला जाते. शेजारीच फलटणला 'आरती' या संस्थेनं फार मोलाचं काम केलंय. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. उसाच्या पाचटापासून कोळसा करायच्या त्यांच्या तंत्राला २००२ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि शिळं अन्न, पीठ, खरकटं यांवर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसला २००६ मध्ये पुन्हा तोच. ज्यांच्याकडे गाई नाहीत, बारामतीत फ्लॅटमध्ये राहतात, त्यांनी हा दुसरा प्रकार जरूर बघावा. पाचट पेटवून देणाऱ्यांनी पहिला.

तर त्या इंदापूरच्या मित्राला माझं उत्तर: या पाडव्याच्या आधी गच्चीला चुना. पगार किंवा दुधाचा हप्ता आला की दोन-दोन करून चार पंखे. गोठ्याचा बल्ब आजच. मग पुढच्या मे महिन्याचं बिल हातात घेऊन बस आणि त्यावरच्या युनिटला १२० नं भाग. जे उत्तर येईल तेवढे किलोवॅट. तोवर मीटर वडिलांच्या नावावर करून घे. आणि आईला विचार, रात्री कुठं झोपावंसं वाटतंय, अंगणात की घरात.

ज्यांना असाच हिशोब करून हवाय त्यांनी वीजबिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि घरातल्या पंख्या-दिव्यांची यादी व्हॉइस नोटमध्ये पाठवा. ग्राहक क्रमांक आणि नाव झाकून, बरं का. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन घरं घेऊ. एक स्लॅबचं, एक पत्र्याचं, आणि कुणाचं धाब्याचं अजून शिल्लक असेल तर ते आधी.